तीन बोटं

वेंडेल ऑस्टरहाउट आत येतो,
बियाण्याच्या कंपनीची टोपी हातात,
बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर दोनदा आपटून.
लोन एल्ममध्ये असं घर नाही
जिथली एक तरी वस्तू
ह्याच्या जिभेवरून गेलेली नाही.
ट्रॅक्टर, दुभत्या गायी, शाळेची बाकं,
चर्चचा भाता फाटलेला ऑर्गन:
दोनशे दहा दहा दहा, कोण वीस,
वीस म्हणा, वीस आले, तीस कुठं, तीस तिकडं
मागं, हिरव्या जाकिटात, तीस...
श्वास कुठे घेतो, कळायचं नाही.
बोलणाऱ्याची बोरं विकतात;
ह्याने एका शिंगाचा बैल
दोन शिंगांच्या भावात विकला होता.

आज तो कागदावर लिहून दाखवतो.
उजवीकडे. कानापुढे. चावताना. सूप चालतं.
आणि खाली, बारीक अक्षरात:
शनिवारी लिलाव आहे.

मला माहीत आहे.
त्याचं पत्रक पंधरा दिवस माझ्याच भिंतीवर आहे,
कण्याच्या तक्त्याशेजारी, एकाच टाचणीत:
शिवणयंत्र. गोधड्या चार. काचेच्या बरण्या एक्केचाळीस.
पुकारणार, वेंडेल ऑस्टरहाउट.

मी त्याला उताणा झोपवते.
मानेचा पहिला मणका जरा रुसलेला,
त्याला समजावते, जोर न करता.
मग कानांपुढे दोन बोटं ठेवून म्हणते, उघडा.
जबडा डावीकडे जातो, अडतो,
आणि वाळलेलं कणीस ताटावरून मोडावं
तसा आवाज येतो.
तो माझ्याकडे बघतो,
जणू मी ऐकायला नको होतं.

मोजमाप सोपं आहे:
आपलीच बोटं, उभी, दातांमध्ये.
एक जातं.
दुसरं जातं, कसंबसं.
तिसरं ओठाशी थांबतं.

हातमोजा घालून मी आत शिरते,
अक्कलदाढेच्या मागे, वर,
जिथे बोराएवढी गाठ
कित्येक महिन्यांचा राग धरून बसली आहे.
दाबते. थांबते. तो टेबलाची कड धरतो.
तोंडात दुसऱ्याचा हात असला की
माणसाला खोटं बोलता येत नाही,
खरंही नाही.
तरी मी विचारते: रात्री दात खाता का?

हात काढल्यावर बऱ्याच वेळानं
तो बोलतो. हळू. एकेक शब्द, बिनभावाचा.
ते आर्डिसला ठाऊक असायचं.
ती कोपरानं ढोसायची. मी कूस बदलायचो.
ऑक्टोबरपासून
कुणी ढोसत नाही.

माझ्याकडे ह्यावर उपचार नाही.
मी त्याला जिभेची जागा दाखवते,
वरच्या दातांमागे, टाळूला टेकलेली;
दात सुटे, ओठ मिटलेले;
रात्री गरम फडकं, दहा मिनिटं.
दंतवैद्याकडून झोपेतली पट्टी करून घ्या.
आणि शनिवारी पुतण्याला पुकारू द्या.
तो टोपी घालतो.
आर्डिसच्या वस्तूंचा भाव
दुसऱ्यानं सांगायचा?

शनिवारी मी गेले. कोठारात उभी राहिले,
मक्याच्या धुळीत, सगळ्यांच्या वाफा एकत्र.
बरण्या गेल्या. गोधड्या गेल्या.
आवाज पूर्वीचा नव्हता, पण चालत होता,
लंगडणाऱ्या घोड्यासारखा, वाट ओळखीची म्हणून.
मग शिवणयंत्र.
साठवर ऑर्लिन स्वेनबीचा हात. पुढे कुणीच नाही.
एक वार, वेंडेल म्हणाला.
दोन वार...
आणि जबडा तिथेच राहिला,
अर्धा उघडा.
त्याची दोन बोटं कानापुढे गेली,
मी शिकवली होती त्या जागी.

कोठारात कुणी ब्र काढला नाही.
शेवटी ऑर्लिननं पुन्हा हात वर केला.
पासष्ट, तो म्हणाला,
स्वतःच्याच बोलीवर.
थोड्या वेळानं: सत्तर.